बयाण्याची घाई



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या काळी ती रूढ झाली त्या काळी घर बांधणे हेच बहुधा अवघड असावे. ज्या जागेवर ते बांधावयाचे ती जागा वाडवडिलांची असे, आणि म्हणून म्हणीत जागेविषयी चकार शब्दही नाही. आज आपल्या बोथ परिसरात नेमके उलटे झाले आहे. विटा मिळतात, वाळू मिळते (महाग का होईना), गवंडीही मिळतो. पण चार भिंती उभ्या करण्यापुरती निर्वेध जागा मिळता मिळत नाही. गेल्या काही महिन्यांत इतक्या कुटुंबांनी या विषयावर माझ्याशी बोलणे केले, की या आठवड्याचे सदर त्यालाच द्यावे असे ठरविले.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक जोडपे मजकडे आले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील व आकडे थोडे बदलून लिहितो. तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक, ती अंगणवाडीत मदतनीस. वडिलोपार्जित घरात चार भाऊ, चार चुली आणि पावसाळ्यात पत्र्याच्या एकाच टोकाखाली जमणारी अकरा माणसे. मुलगी दहावीला. ती रात्री अभ्यास कोठे करते असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, “फादर, काकांच्या घरचे झोपले की मग ओट्यावर बसते.” बारा वर्षे पोटाला चिमटा घेऊन या दोघांनी चार लाख रुपये साठविले होते, काही पोस्टात, काही चिट्टीत, आणि थोडे बाईच्या कानांत व गळ्यात.

त्यांच्या हातात एक कागद होता. गावाबाहेर, रस्त्यालगत पाडलेल्या ‘वेंचर’मधील दीडशे गजांच्या भूखंडाचा. किंमत सहा लाख. आणि दलाल बाहेर मोटारसायकलवर बसून होता. सायंकाळपर्यंत पन्नास हजारांचा बयाणा मिळाला नाही तर निर्मळहून आलेले दुसरे गिऱ्हाईक तो भूखंड उचलील, असे त्याने सांगितले होते.

हे ‘दुसरे गिऱ्हाईक’ आता आपल्या सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. कधी ते निर्मळचे असते, कधी आदिलाबादचे नोकरदार, कधी हैदराबादचे व्यापारी. ते खोटेच असते असे मी म्हणणार नाही. रस्ता रुंद झाला, जवळ शाळा निघाली, की बाहेरचा पैसा येतो हे खरे आहे, आणि ज्याला त्या जागेत राहावयाचे नाही त्याच्या पैशापुढे ज्याला राहावयाचे आहे त्याची बचत तोकडी पडते, हेही खरे आहे. ट्रॅक्टरच्या चालकाने बारा वर्षांत साठविलेले कोणी एकाच व्यवहारात टाकून जातो. त्या स्पर्धेत आपल्या माणसाचा जीव घाबरा होतो, यात नवल ते काय? परंतु मी पाहिलेल्या कुटुंबांपैकी ज्यांचे हाल झाले त्यांचे बहुतेकांचे हाल किमतीमुळे झाले नाहीत. किंमत जास्त पडली तर माणूस दोन वर्षे अधिक राबतो आणि फेडतो. ज्यांचे हाल झाले त्यांनी घाईपोटी कागद न पाहता पैसे दिले होते.

मी तो कागद वाचला. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हाताने लिहिलेला, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला. त्याखाली लिहिले होते की, उरलेली रक्कम दोन महिन्यांत दिल्यावर मालक ‘कब्जा व बैनामा’ करून देईल. नोंदणीचे नाव नाही. सर्व्हे नंबर होता, पण मूळ जमीन शेतीची की बिगरशेतीची याचा उल्लेख नव्हता. मालकाची सही होती, परंतु तो मालक कसा झाला हे कोठेही नव्हते.

आपल्या भागात अशा कागदाला ‘सादा बैनामा’ म्हणतात, आणि त्याचा आपल्याकडे मोठा इतिहास आहे. निजामाच्या काळापासून एकमेकांच्या शब्दावर, साध्या कागदावर जमिनी हातोहात फिरल्या. खरेदीखताची नोंदणी करावयाची तर तालुक्याला खेपा, लिहिणाऱ्याची फी, मुद्रांकाचा खर्च. शिवाय विकणारा ओळखीचा, बहुधा नात्यातला. तेव्हा ‘कागद कशाला?’ असे म्हटले जाई. पहिली पिढी सुखाने नांदे. भांडण येई ते दुसऱ्या पिढीत, विकणाऱ्याच्या मुलांच्या डोळ्यांत जमिनीचा नवा भाव भरला म्हणजे. कायदा याबाबत फार जुना व फार स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते; १९०८ च्या नोंदणी कायद्यानेही तेच सांगितले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही निक्षून सांगितले, की कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून कोणी मालक होत नाही. शहरांतून असे व्यवहार सर्रास चालत, म्हणून तो निकाल द्यावा लागला.

तेलंगण सरकारने जुन्या सादा बैनाम्यांवरील शेतजमिनी नियमित करून देण्यासाठी २०२० साली अर्ज मागविले. सवलत २ जून २०१४ पूर्वीच्या, म्हणजे हे राज्य स्थापन होण्यापूर्वीच्या व्यवहारांपुरती. तरी लाखोंनी अर्ज आले. मग प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ते अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. मंजुरीवाचून पाडलेल्या भूखंडांचेही तसेच. त्याच वर्षी सरकारने अशा भूखंडांची नोंदणी रोखली, नियमित करून घेण्यास अर्ज मागविले, आणि हजार रुपये भरून अर्ज केलेली माणसे पुढे काय याची वाट पाहत बसली. मुलीच्या लग्नासाठी भूखंड विकू म्हणून ठेवलेला, आणि लग्नाच्या वेळी तो विकता येईना, असे एक घर मला ठाऊक आहे.

मी त्या दोघांना विचारले, “चार लाख तुमच्याजवळ आहेत. वरचे दोन कोठून आणणार?”

“एक चिट्टी उचलू फादर, आणि बाकी शेकडा तीनने मिळतात,” तो म्हणाला.

वाचकहो, चिट्टी कशी चालते हे आपणांस सांगावयास नको. पण हिशेब मांडून पाहण्याची आपल्याला सवय नसते. वीस जण दरमहा पाच हजार टाकतात, एक लाखाचा गल्ला होतो, आणि ज्याला गरज असेल तो बोली लावून तो उचलतो. गरज जितकी घाईची तितकी बोली खोल. घाईत असलेला मनुष्य लाखाचे पंच्याहत्तर हजार घेऊन घरी येतो आणि हप्ते मात्र पूर्ण लाखाचे भरतो. सोडलेले पंचवीस हजार चालकाचे कमिशन वजा जाता इतरांना वाटले जातात; म्हणजे घाई नसलेला मनुष्य घाई असलेल्याच्या पदराचे खातो. त्यात पाप नाही, १९८२ चा कायदाही चिट्टीला मान्यता देतो, मात्र ती नोंदलेली असली पाहिजे. आपल्या गल्लीतली चिट्टी नोंदलेली आहे काय, हा प्रश्न मी येथेच सोडून देतो.

आणि शेकडा तीन! कानाला तीन रुपये किती हलके वाटतात! पण ते महिन्याचे आहेत. दीड लाखावर महिना साडेचार हजार, वर्षाला चौपन्न हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. अंगणवाडीच्या मदतनीस बाईच्या मानधनाचा मोठा भाग त्यातच जाईल. शिवाय सहा लाखांच्या रीतसर खरेदीवर मुद्रांक, हस्तांतरण शुल्क व नोंदणी मिळून तेलंगणात शेकडा साडेसात, म्हणजे पंचेचाळीस हजार, लागतात. ते त्यांच्या हिशेबात नव्हते. दलालाने सांगितले होते, की कागदावर तीनच लाख दाखवू, बाकी रोख द्या, खर्च अर्धा होईल.

यावर मी थोडा रागावलो, हे कबूल करतो. कर चुकविणे हे असत्य आहे एवढेच सांगून मी थांबलो असतो तर ते दोघे मान खाली घालून गेले असते आणि सायंकाळी तसेच केले असते. म्हणून व्यवहारातले नुकसान सांगितले. कागदावर तीन लाख असतील तर उद्या बँक कर्ज देताना तीनच लाख पाहील. व्यवहार मोडला, मालकाने पैसे परत द्यावयाचे ठरले, तर न्यायालय तीनच लाख पाहील. आणि वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम जमीन-घराच्या व्यवहारात रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई केलेली आहे. तेव्हा रोख घेणारा पावती देणार नाही हे आलेच. गरिबाने दिलेल्या पैशाला पावतीवाचून दुसरा साक्षीदार कोण?

येथे आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण ती नाजूक आहे म्हणून सर्वजण ती टाळतात. आदिलाबाद जिल्ह्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा विनियम लागू आहे. १९६३ साली तो तेलंगणात आला आणि १९७० साली अधिक कडक झाला. लोक त्याला ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. त्याप्रमाणे अशा गावात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाहीच. पण एका बिगरआदिवासीने दुसऱ्या बिगरआदिवासीला विकलेली जमीनही चालत नाही. असा व्यवहार मुळातच रद्दबातल. कितीही साक्षीदार आणा, कितीही वर्षे राहा.

हा कायदा जाचक आहे असे आपल्यातले काहीजण बोलतात. मला तसे वाटत नाही. ज्या गोंडांच्या या डोंगरात पिढ्या गेल्या त्यांच्या जमिनी सावकारांनी व बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी घेतल्या. १९४० साली जोडेघाटात कुमराम भीम मारला गेला, तो याच जमिनीच्या व जंगलाच्या हक्कासाठी. त्यानंतर निजाम सरकारने हैमेन्डॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताचा सल्ला घेतला आणि गोंडांना पट्टे दिले. त्या इतिहासातून हा कायदा जन्मला आहे. आज कोणी स्वस्त जागा मिळते म्हणून आपल्या शेतावरच्या गोंड गड्याच्या नावावर भूखंड घेतो आणि ‘नाव त्याचे, घर माझे’ म्हणतो. हे बेनामी आहे, आणि कायद्यापुढे ते घर त्या गड्याचे आहे. मग एके दिवशी गड्याचा मुलगा शिकतो आणि आपले नाव कागदावर वाचतो. त्या दिवशी कोण चूक आणि कोण बरोबर, हे मला विचारण्यास येऊ नये. भूखंड पाहावयास जाण्यापूर्वी ते गाव अनुसूचित यादीत आहे किंवा नाही, हे तहसील कार्यालयात विचारावे. चहाच्या टपरीवर विचारू नये.

“पण फादर,” बाई म्हणाली, “हे सगळे पाहत बसलो तर जागा हातची जाईल की.”

जाईल. मी तिला ‘जाणार नाही’ असे खोटे आश्वासन दिले नाही. मी तिला यिर्मयाची गोष्ट सांगितली. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला, नगर आज पडते की उद्या अशी स्थिती, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ अनाथोथ येथील शेत विकावयास येतो. याहून घाईची वेळ कोणती? तरीही यिर्मया काय करतो? सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती करवितो, एक मोहरबंद व एक उघडी, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून बारूखाकरवी मातीच्या भांड्यात ठेवावयास लावतो. शत्रू वेशीशी असताना त्याने नोंदणी टाळली नाही. आपला दलाल तर केवळ मोटारसायकलवर बसला होता. हे ऐकून नवरा हसला, आणि मग त्याचा आवाज जरा मोकळा झाला.

आता राहिला तुटपुंज्या बचतीचा प्रश्न. तो खरा आहे, आणि ‘धीर धरा’ एवढ्याने सुटत नाही. परंतु ज्यांच्यापाशी थोडे होते त्यांनी ते एकत्र करून जागा मिळविल्याची उदाहरणे आपल्या मराठी मुलखात थोडीथोडकी नाहीत. मुंबईला गावदेवीत १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. कारकून व मास्तर मंडळी, मुंबईची भाडी परवडेनात. प्रत्येकाने आपला वाटा टाकला, संस्थेने जमीन घेतली आणि संस्था हीच मालक. कागद एक, तपासणी एक, वकील एक. पुढे वांद्र्याच्या कॅथोलिक मंडळींनीही साष्टी कॅथोलिक सहकारी गृहनिर्माण संस्था काढून तोच मार्ग धरला. १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी कॅथोलिक पतपेढी काढली. शेतकरी व लहान व्यावसायिक सावकाराच्या दारी जातात हे त्यांनी पाहिले होते. आज ती पतपेढी बॅसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून उभी आहे. शेकडा तीनचे उत्तर प्रवचनात सापडत नाही. आपसांतल्या पतपेढीत ते सापडते, हे त्या धर्मगुरूंना माझ्याहून आधी उमगले होते.

आणि ज्यांच्यापाशी याहूनही कमी होते त्यांचे उदाहरण सोलापूरचे. आपल्या तेलंगणातून विणकामासाठी गेलेली पद्मशाली कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुरुष मागावर, बायका विड्या वळतात. दिवसाला किती विड्या आणि त्याचे किती पैसे, यावर ज्यांचा संसार चालतो, अशा स्त्रियांनी शहराबाहेर कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत उभी केली. सुमारे दहा हजार घरे; २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, आणि बायकांचा स्वतःचा वाटा. त्यानंतर तेथेच रे नगर ही तीस हजार घरांची योजना आली. तीतील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी विडी कामगार, यंत्रमागावरचे कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, चालक अशांच्या हाती दिली. या कामाचे पुढारी नरसय्या आडम हे साम्यवादी पक्षाचे आहेत. त्यांचे आणि माझे पुष्कळ गोष्टींत पटणार नाही. पण घर एकट्याने मिळत नसेल तर हजारांनी मिळून मागावे, आणि मागताना आपला वाटा पदरात बांधून जावे, हे त्यांनी त्या बायकांना शिकविले, त्याला मी मनापासून मान देतो. आपल्या धर्मग्रामात दहा कुटुंबे जागेच्या शोधात आहेत आणि दहाही जण दहा दलालांकडे एकेकटे जातात. दहा जणांनी मिळून एक एकर शेत पाहिले, एकाच वकिलाकडून कागद तपासले, बिगरशेती व आराखड्याची मंजुरी रीतसर घेतली, तर काय होईल याचा विचार या पावसाळ्यात आपण करू. ज्यांना रस असेल त्यांनी मला सांगावे. मी पैसे गोळा करणार नाही, हे आधीच सांगतो. खाते बँकेत आणि सह्या तुमच्या.

ज्यांची मुले हैदराबाद, पुणे किंवा नागपूर येथे नोकरीला आहेत व तेथे फ्लॅट घेऊ पाहतात त्यांच्यासाठी दोन शब्द. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, करार नोंदल्यावाचून बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि क्षेत्रफळ सांगावयाचे ते चटईक्षेत्र. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागावा, तो नसेल तर परत फिरावे. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते. मुद्रांक व नोंदणी बहुधा आपल्या खिशातून. ही नव्वद टक्के ऐकून आनंदून जाऊ नये. दहा लाखांचे कर्ज शेकडा नऊ व्याजाने वीस वर्षांत फेडले तर दरमहा हप्ता सुमारे नऊ हजार व एकूण फेड साडेएकवीस लाखांवर जाते. तेच पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता साधारण अकराशे रुपयांनी वाढतो, पण एकूण फेड सव्वाअठरा लाखांच्या आसपास थांबते. तीन लाखांहून अधिक वाचतात. मुलगा हे तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

गावातच राहणाऱ्यांसाठी आणखी एक आधार आहे. ११ मार्च २०२४ रोजी भद्राचलम येथे सुरू झालेल्या ‘इंदिरम्मा’ योजनेत, स्वतःची जागा असलेल्या गरीब कुटुंबाला घर बांधण्यासाठी पाच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि घर घरातील स्त्रीच्या नावे होते. म्हणजे सगळा भार पुन्हा ‘स्वतःची जागा’ या दोन शब्दांवर येऊन पडला. ज्याने सादा बैनाम्यावर सहा लाख घातले तो सरकारी साहाय्यापुढे आपली जागा कोणत्या कागदाने दाखविणार?

त्या जोडप्याने त्या दिवशी बयाणा दिला नाही. दलाल मोटारसायकल सुरू करून निघून गेला. जाताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी ते दोघे मीसेवा केंद्रात गेले आणि त्या सर्व्हे नंबरचा भाररहिततेचा दाखला, ज्याला सगळे ‘ईसी’ म्हणतात, तो काढून आणला. त्यात त्या शेतावर बँकेचे गहाण दिसले, आणि मंजुरी तर मुळात मागितलेलीच नव्हती. आठवड्याच्या आत तो भूखंड कोणीतरी घेतला. आता तेथे तारेचे कुंपण आहे, लाल-पिवळे दगड रोवले आहेत. घेणाऱ्याचे पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. कदाचित मालक गहाण फेडील आणि सर्व सुरळीत होईल. तसे झाले तर बाई मला बोल लावील, आणि तिला तो हक्क आहे.

सध्या ते गावठाणातले एक जुने घर पाहत आहेत. मातीच्या भिंती, सागाची तुळई अजून शाबूत, मागे विहिरीला अर्धा हक्क. किंमत साडेचार लाख. त्यांनी सोने मोडलेले नाही. चिट्टी तिच्या पाळीने, शेवटी, जवळजवळ पूर्ण रकमेची मिळेल. घराचा कागद म्हणून विकणाऱ्यांनी प्रथम ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या पुढे केल्या. घरपट्टी भरणारा मालकच असतो असे नाही, हे या वेळी नवऱ्यानेच त्यांना सांगितले. मग शोध घेता जुने खरेदीखत निघाले, आजोबांच्या नावाचे. आजोबांचा मुलगाही वारलेला. वारस तिघे, दोन भाऊ व एक बहीण. भाऊ म्हणाले, बहिणीचे लग्न झाले, तिला हुंड्यात दिले, तिचा काय संबंध? आंध्र प्रदेशात १९८६ च्या कायद्याने मुलींना मुलांबरोबर वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळाला आणि २००५ साली सबंध देशात तो हिंदू कुटुंबांना लागू झाला. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच आहे, मग आपण तो देतो किंवा न देतो. तिची सही नसेल तर तिची मुले वीस वर्षांनी दारात येतील.

बहीण किनवटला दिलेली आहे. १९५६ पर्यंत किनवट आपल्याच जिल्ह्यात होते, आता ते दुसऱ्या राज्यात. पण पोळ्याला ती माहेरी येते. भावांनी तिचा वाटा तिला देण्याचे आता कबूल केले आहे, आणि तिच्या आधारकार्डाची प्रत बाईने आधीच मागवून ठेवली आहे. पोळ्यानंतरचा पहिला कामाचा दिवस नोंदणीसाठी ठरला आहे. खरेदीखत बाईच्या नावे व्हावयाचे आहे. मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. मागच्या खोलीला खिडकी पाडता येईल काय, असे ती परवा गवंड्याला विचारीत होती.